कापायच्या खुणा

लामोम आमच्या छापखान्यात पुढच्या टेबलावर बसते आणि मी मागे कटिंग मशिनवर. आमचं काम मुख्यतः दहनाच्या पुस्तकांचं. माणूस गेलं की घरचे फोटो, चार पानांची हकिगत, थोडी बौद्ध सूत्रं, त्याच्या आवडीच्या एखाद्या पदार्थाची कृती असं जमवून आणतात, आणि दहनाला आलेल्या प्रत्येकाच्या हातात ते पुस्तक पडतं.

त्यामुळे लामोमचं गिऱ्हाईक रडून आलेलं असतं आणि तिला त्याच्याशी फर्म्याबद्दल बोलावं लागतं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं बसतात, तो एक फर्मा. तुमची दोन पानं वर जातायत, ती काढा नाही तर आणखी चौदा आणा. एक जण वैतागून म्हणाला होता, बाबा जगलेच तेवढे, चौदा पानं कुठून आणू? मग प्रूफ. हे शेवटचं बघणं, सही केली की पुढची चूक तुमची. मग ब्लीड. फोटो पानाच्या कडेपर्यंत हवा असेल तर तो कडेबाहेर बोटभर सांडलेला लागतो आणि तो सांडलेला भाग सुरीखाली जातो. तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका, हे ती प्रत्येकाला सांगते. प्रत्येक जण मान हलवतो आणि न बघता सही करतो.

“भिंतीशी बोलल्यासारखं आहे, प्रयोंगदादा,” ती एकदा मला म्हणाली. “पण भिंत बरी. ती निदान मान हलवत नाही.”

अलीकडे ती हे सगळं डोळे मिटूनच सांगायची. दमली होती बिचारी. दुसऱ्यांची माणसं दिवसभर पानांत बसवायची म्हणजे काय होतं ते मला विचारा, मी तर त्यांना कापतो.

यंदा तिची थोरली बहीण सांगवान गेली. कालव्याकाठी मिठाई विकायची. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ आणि गूळ मोठ्या कढईत घालून अर्धा दिवस घोटत उभी राहायची. आमच्या सगळ्या गल्लीने तिच्या हातचं खाल्लंय. तिचा मुलगा विचियन म्हणाला, आईचं पुस्तक मोठ्या घरांतल्यासारखं झालं पाहिजे, मुखपृष्ठावर तिचा फोटो अगदी कडेपर्यंत. पण फोटो होता एकच. शेजाऱ्यांच्या गृहप्रवेशाचा, त्यात सांगवान सगळ्यांच्या टोकाला, हातात घोटायचा लांब डाव घेऊन. ती कायम टोकालाच उभी असायची. विचियनने बाकीची माणसं काढून टाकून तिला मोठं करून घेतलं.

प्रूफ आलं तेव्हा विचियन विहारात होता. आईसाठी एक दिवस भिक्षू होणार होता, त्याची तयारी. म्हणून नातेवाईक म्हणून लामोमनेच सही केली आणि मशिन सुरू झालं.

दहनाच्या आदल्या दुपारी पिना मारलेली पुस्तकं माझ्याकडे आली. पहिला गठ्ठा लावला आणि सुरी सोडणार तेवढ्यात कोपऱ्यातल्या कापायच्या बारीक काळ्या खुणेवर नजर गेली. खुणेच्या आत सांगवान होती. खुणेच्या बाहेर, सांडलेल्या भागात, तिचा हात होता, डावासकट. मनगटापासून.

मी लामोमला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि गठ्ठ्यावर हात टेकून उभी राहिली.

“सही माझीच आहे,” ती म्हणाली.

“बघितलं नव्हतंस?”

“तिच्या तोंडाकडे बघवेना. दुसरीकडे बघत केली.”

पुन्हा छापायचं तर प्लेट करायला वेळ नव्हता, आणि शाई ओली असताना कागद कापून उपयोग नव्हता. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, सुरी बाहेर सरकव, तिन्ही बाजूंनी.

मला रागच आला. माझ्या हातून आजवर एक पुस्तक खुणेबाहेर गेलेलं नाही. मी म्हणालो, “कडेला पांढरी पट्टी येईल, काळ्या रेघा दिसतील. लोक म्हणतील, छापखान्यातली बाई, आणि स्वतःच्या बहिणीचं पुस्तक असं अर्धवट.”

“म्हणू देत. तिचा हात तोडू नकोस, दादा.”

मी सुरी सरकवली. कापून झाल्यावर पुस्तकं बेढब दिसत होती, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी विहारात लोकांनी चंदनाच्या लाकडाची फुलं वाहिली, पुस्तकं घेतली आणि कोपऱ्यावरून बोट फिरवत एकमेकांकडे बघितलं. दहन झाल्यावर विचियन आमच्यापाशी आला. डोकं मुंडलेलं, अंगावर चीवर. आता तो भिक्षू, म्हणून लामोमने भाच्याला वाकून हात जोडले.

“मावशी, या रेघा कसल्या?” त्याने विचारलं. आवाजात नाराजी होती.

जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं तसंच ती त्याला सांगू लागली. फक्त या वेळी डोळे उघडे होते.

“कापायच्या खुणा आहेत, भन्ते. याच्या बाहेरचं काढून टाकायचं असतं.”

“मग काढलं का नाही?”

“कडेला बघा ना.”

त्याने बघितलं. मग चिवराच्या टोकाने मुखपृष्ठाची कड पुसली, तिथे काही लागलेलं नसतानाही, आणि पुस्तक झोळीत न टाकता हातातच धरून ठेवलं.