परदेशी मशीनमधली गाळणी

बायकोलासुद्धा हे माहीत नाही. तिला वाटतं, सातपूरच्या त्या कारखान्याचा विषय निघाला की मी गोऱ्यांवर चिडतो. चिडतोच! पण फक्त त्यांच्यावर नाही.

नव्वदच्या दशकात आमच्या मालकांनी एका युरोपीय कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला. केवढं कौतुक — हार, पेढे, मशीनला हळदकुंकू. एक कलम मात्र कुणी मोठ्यानं वाचलं नाही: कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय मशीनमध्ये काडीचाही बदल करायचा नाही. आणि याला म्हणायचं भागीदारी? घरगड्याला याहून वेगळं काय सांगतात?

मशीन तिकडच्या पाण्यासाठी बनलेलं. आमचं पाणी बोअरचं, क्षारांचं. पाइप तुंबायचा, दर पाळीत मशीन बंद. पत्रं पाठवली. उत्तर आलं — तुमचं पाणी सुधारा. शेवटी आमचे फिटर भालेराव, माझ्याहून वयानं मोठे, घरून चहाची गाळणी घेऊन आले. "साहेब, पाइपात ही बसवू का?" मी तेव्हा सुपरवायझर. मी म्हणालो — काय म्हणालो ते सांगतो. जीभ अजून अडते.

मशीन सुतासारखं चालायला लागलं. चार महिन्यांनी कंपनीचा इंजिनिअर तपासणीला आला, झाकण उघडलं आणि गाळणी बघून लालबुंद झाला. चौकशी बसली. कुणाच्या परवानगीनं हे केलं? मी म्हणालो, "मला काहीच माहीत नव्हतं."

भालेराव माझ्याकडे बघत राहिले. मग मॅनेजरना म्हणाले, "साहेब म्हणतात ना, मग तसंच आसंल."

त्यांना कामावरून काढलं. वर्षभरानं युरोपातून खोकं आलं — उष्ण देशांसाठी सुधारित भाग. आत काय? त्याच जागी बसणारी, तशीच जाळी! वर कंपनीचा शिक्का. चोर तो चोर, वर शिरजोर — घरी येऊन मी ओरडलो. आणि दुसऱ्या दिवशी? तीच जाळी मी माझ्या हातानं बसवली. नव्या पोरांना शिकवताना म्हणालो, बघा, तिकडचे लोक किती विचार करतात.

जाताना भालेरावांनी एकच गोष्ट मागितली होती. ती गाळणी. घरी चहाला होईल म्हणाले. मी ती धुऊन, कागदात गुंडाळून दिली. डोळे वर केले नाहीत.

"बसवा, मी आहे ना." मी हे म्हणालो होतो.