कडीतल्या चिंध्या

माझ्या धाकट्या भावाला छापखान्यात सगळे ‘काटकोन’ म्हणतात. कागदाची थप्पी कापताना सूतभर तिरकं गेलेलं त्याला खपत नाही. त्याच कटिंग मशीनच्या पात्याखाली त्याच्या डाव्या तर्जनीचं पेर गेलं. जखम भरली, पण पातं खट्कन खाली आलं की हा घामाघूम आणि हात खिशात. मालकाने दोन महिन्यांची मुदत दिली, नाहीतर गठ्ठे बांधायला बस म्हणाला. काटकोनाने गठ्ठे बांधायचे? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मीच त्याला भीतीवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्याच्या डोक्यावर वायरींची टोपी चढवून त्या त्याला पात्याचा रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायच्या. पडद्यावर मेंदूच्या लाटा उमटायच्या. भीती दाटली की एक लय, धोका नाही हे उमगलं की दुसरी, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. सातव्या खेपेला आवाज झाला तरी लय शांत राहिली. मी तिथेच रडले.

दुसऱ्या दिवशी छापखान्यात पुन्हा तेच, घाम आणि खिसा.

मी तणतणत बाईंकडे गेले. “तुमची टोपी खोटं बोलते का हो?”

“टोपी खरंच बोलते. पण तो या खोलीपुरतं शिकलाय. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी सवय बसवावी लागते, तीही जागोजागी. घरी असा आवाज होतो का?”

“छे! होऊच देत नाही,” मी तोऱ्यात म्हणाले. “दाराच्या कडीतसुद्धा चिंध्या कोंबल्यात!”

“मग नवी सवय बसणार कुठे?” त्यांनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस मी भावाची नाही, त्याच्या भीतीची बडदास्त ठेवत होते.

घरी येऊन चिंध्या उपटल्या. “आजपासून घरात आदळआपट होणार,” त्याला बजावलं.

“बंद कधी होती? तोंडाची तरी?” तो म्हणाला.

कडी वाजली आणि त्याचा चहा सांडला. मी पुसला, पुन्हा वाजवली. दोन आठवड्यांनी तोच उठून दार लावू लागला. मग रोज जेवणाच्या सुट्टीत छापखाना. सोबती पातं पाडायचा, हा आधी दारात उभा राहायचा, मग मशीनपाशी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्याने मला बोलावून घेतलं. थप्पी सरकवली, कडा जुळवल्या. खट्!

“ताई, डोळे उघड.”

माझेच मिटले होते, आणि दोन्ही हात काखेत. त्याने पंजे माझ्या नाकासमोर धरले.

“मोज. साडेनऊ होती, साडेनऊच आहेत.”