ताई, आज खेळायला याल ना?

दहा जानेवारी, शनिवार. सकाळी लाखोळीची भाजी निवडायला बसले होते. लाखेच्या डाळीच्या रोपांचे कोवळे शेंडे खुडून आणलेले. त्यातलं गवत आणि पिवळी पानं काढायची, धुवायची, चादरीवर पसरायची. कडक वाळली की डब्यात भरून ठेवते. उन्हाळ्यात ताजं काही मिळत नाही तेव्हा कामाला येते. एका माणसाला एवढी भाजी लागत नाही, हे मला कळतं. पण शिलाईचं दुकान दहाला उघडायचं असतं आणि त्याआधी हात रिकामे ठेवून बसणं मला जमत नाही.

सात वाजून गेले आणि रिंग आली नाही.

ही रिंग म्हणजे माझी आणि मोठ्या बहिणीची व्यवस्था. ती साकोलीकडे एकोडीला राहते, मी इकडे कोंढ्याला. दोघीही विधवा, दोघीही घरात एकट्या. तिला शुगर आहे. रोज सकाळी इन्सुलिन स्वतःच टोचून घेते. दोन वर्षांपूर्वी तिची साखर एकदम उतरली आणि ती स्वयंपाकघरात पडली. शेजाऱ्यांना कळलं ते दुपारी. तेव्हापासून ठरलं की रोज सातला तिने मला मिस कॉल द्यायचा. म्हणजे उठली, इंजेक्शन घेतलं, खाल्लं, बरी आहे. मग मी एक रिंग परत द्यायची. म्हणजे कळलं. फोन मात्र दोघींपैकी कोणी उचलायचा नाही. कल्पना माझीच. मला ती फार सोयीची वाटायची. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या काम व्हायचं, आणि रोज बोलायला नवीन असतं तरी काय?

सव्वासातला मी फोन लावला. वाजला, वाजत राहिला, बंद झाला. पुन्हा लावला. तेच. तिच्या शेजारणीचा एक नंबर माझ्याकडे होता, तो बंद होता. आठपर्यंत मी सात वेळा फोन केला. मग भाजी तशीच टोपलीत झाकून ठेवली, पर्समध्ये साखरेची पुडी टाकली, दाराला कुलूप लावलं आणि निघाले.

भंडाऱ्याला गाडी बदलायची, साकोलीला पुन्हा बदलायची. त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. खिडकीतून भातशेतीच्या बांध्या दिसत होत्या, धान कापलेल्या, धसकटं उरलेल्या. शेजारच्या सीटवरच्या बाईने कुठे चाललात विचारलं, मी बहिणीकडे म्हणाले. कार्यक्रम आहे का, तिने विचारलं. मी नाही म्हणाले. मधल्या वेळात डोक्यात एकच हिशेब चालू होता: पडली असेल तर किती वाजता पडली असेल.

एकोडीला पोचले तेव्हा बाई अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. मला फाटकात बघून तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"काय वं लहाने, अशी न सांगता? कोन गेलं?"

"कोणी नाही गेलं. तू गेलीस असं वाटलं होतं."

"मी कायले जाऊ? बस. पानी देतो."

"आधी सांग, रिंग काहून नाही दिली?"

"देल्ली ना. तीन डाव देल्ली. ते फोनातली बाई कायतरी बोलते अन् बंद पडते."

"आणि मी सात वेळा फोन केला तो?"

"वाजला ना. मी म्हनलो, आज लहानीले काय झालं, इतक्या रिंगा देऊन राहिली. लय खूश दिसते."

"मग उचलायचा नाही?"

"तूच तर सांगतलं, उचलाचं नाही."

 पाणी प्यायले आणि तिच्या फोनवरून माझा नंबर लावून बघितला. फोनमधल्या बाईचं म्हणणं एवढंच होतं की बॅलन्स संपला आहे. या फोनमध्ये मी कधी मोठा पॅक मारत नसे. सिम चालू राहावं आणि रिंग जावी एवढंच. दिवाळीनंतर मी स्वतः टॉपअप मारला होता आणि तिने एकही फोन केलेला नव्हता. मग पैसे गेले कुठे?

मेसेज उघडले. एकाखाली एक, रोजचा एक, सगळे एकाच ठिकाणाहून आलेले. पाठवणाऱ्याचा पाच आकडी नंबर, आणि कंपनीचं नाव इंग्रजी अक्षरांत. मजकूर मराठीत होता. "ताई, तुमची वाट बघतो आहोत. आज खेळायला याल ना? हो असेल तर १ पाठवा." आणि प्रत्येकाच्या खाली बाईने पाठवलेला एक आकडा. १. १. १. एक दिवस चुकवलेला नव्हता.

ते बघितल्यावर मला आठवलं. दिवाळीत मी इथे चार दिवस होते. तेव्हा माझा जुना टच फोन तिला दिला आणि माझ्या नेटवरून त्यात सापशिडी टाकली. तिला करमेल म्हणून. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत फुकट लिहिलं होतं. मोबाइल नंबर विचारला, मी भरला. एक दाबा म्हणाले, मी दाबलं. खाली बारीक अक्षरांत काही तरी होतं, ते वाचायचं राहून गेलं कारण गाडीची वेळ झाली होती. दुकानात गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचं माप मी दोनदा घेते. इथे एकदाही बघितलं नाही. फुकट होते फक्त सुरुवातीचे दिवस. त्यानंतर प्रत्येक 'हो'चे पैसे कापले जात होते.

"बाई, तू रोज याला उत्तर का देत गेलीस?"

"तू इचारतेस अन् मी गप बसू?"

"मी?"

"मंग कोन? तूच धाडतेस ना रोज. खेळाले ये म्हनतेस. आता एकोडीहून कोंढ्याले मी कशी येऊ खेळाले? पन इचारते तर हव म्हनाव मानसाने."

ती गंमत करत नव्हती. चौथीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर लावून वाचते. इंग्रजी अक्षरं तिला येत नाहीत. फोन मी दिलेला, तर त्यात येईल ते माझंच, असा तिचा सरळ हिशेब.

"अगं, त्यात ताई लिहिलंय. मी तुला जन्मात कधी ताई म्हटलंय का?"

"मले वाटलं, लिहितानी तसं लिहितेत. तू शिकलेली. लग्नाच्या पत्रिकेत नाही का, घरातल्या बाया सौभाग्यवती होतेत."

मला हसू आलं आणि ते मधेच थांबलं. मी तिला नीट समजावून सांगितलं. हा माणूस नाही, मशीन आहे. रोज हजारो लोकांना हेच पाठवतं. हो म्हटलं की पैसे कापतं. बॅलन्स संपला की तुझी रिंग जात नाही, आणि रिंग गेली नाही तर तू बरी आहेस की पडली आहेस हे मला कळणार नाही. म्हणून हे आता बंद करायचं.

ती तुरीच्या शेंगांकडे वळली. दोन-तीन सोलल्या.

"राहू दे ना वं," ती म्हणाली. "पैसे मी देतो."

"पैशाचं नाही, बाई."

"मंग राहू दे. मशीन तर मशीन. दिवसातून एकदा कोनी तरी इचारते."

"मी रिंग देते ना रोज."

"देतेस. अन् ठेवतेस."

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. दाणा चांगला भरला आहे, असं सांगावं तसं म्हटलं. 

जे करायचं ते मी केलं. एकोडीतल्या दुकानातून थोडा टॉपअप मारून आणला. त्याच क्रमांकावर इंग्रजीत स्टॉप लिहून पाठवलं. बंद झाल्याचा मेसेज आला, पण तेवढ्यावर माझा विश्वास बसेना. फोन कंपनीच्या मदतीच्या नंबरवर पंचवीस मिनिटं गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगी आली. तिला सांगितलं की या नंबरवर असली कुठलीही सेवा परत चालू होता कामा नये, आणि तक्रारीचा क्रमांक कागदावर लिहून घेतला. गेलेले पैसे परत मिळतील का, याचं तिने सरळ उत्तर दिलं नाही. सापशिडी फोनमधून काढून टाकली. जुने मेसेजही पुसणार होते.

"ते राहू दे," बाई म्हणाली. "ते काही खात नाहीत ना?"

ते ठेवले.

दुपारी तिने तुरीच्या दाण्यांची भाजी केली, दोघी जेवलो. तिची साखर मोजली, ठीक होती. न उचलण्याचा नियम तसाच राहिला. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "आता दिवाळीलेच येशील." मी म्हटलं, बघू. घरी पोचले तोवर अंधार पडला होता. टोपलीतली भाजी कोमेजली होती, ती शेजारच्या गाईला टाकली.

दुसऱ्या दिवशी बरोबर सातला बाईची रिंग आली. एकदा वाजली आणि थांबली. म्हणजे पैसे शिल्लक होते आणि ती उठली होती. एरवी मी एक रिंग परत देऊन फोन ठेवला असता. त्या सकाळी लावला आणि वाजू दिला. तिने उचलला नाही. पुन्हा लावला. नाही. तिसऱ्या वेळी, अगदी बंद पडायच्या बेताला, उचलला.

"काय झालं वं?"

"काही नाही झालं."

"मंग काहून वाजवून राहिली?"

"बोलायला."

पलीकडे कढईत काहीतरी चुरचुरत होतं. 

"थांब," ती म्हणाली, "गॅस बंद करून येतो."

मी थांबले.