बिनचुन्याचे पांडव

अहमदपुरात अंबिकाबाईंना कुणी रस्त्यात गाठून "बाई, बऱ्या हाव ना?" असं विचारलं, तर तब्येतीचं उत्तर कधी मिळत नाही. "अहो, मोंढ्यात जाऊन या आधी! तुरीच्या ढिगावर ऊन पडलंय, काय पिवळा आलाय, तोंडाला पाणी सुटावं असा!" हे असलं मिळतं. विचारणारा बिचारा त्याच धान्यबाजारात तूर विकायला आलेला असतो. तो मान हलवतो आणि पुढे सरकतो.

शाळेत चित्रकला शिकवणारी ही बाई मूळची उदगीरची, विरूपाक्षअप्पांची धाकटी लेक. अप्पांचं किराणा दुकान होतं. दाराशीच काव, नीळ, पिवडी, हळद अशी तोंड उघडलेली पोती मांडलेली असत. पोरगी लहानपणी तांबड्या कावेच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची. एकदा तशीच शाळेत गेली तर गुरुजी ओरडले, "अरे, पोरीला लागलं कुठं?" घरात कानडी, दारात मराठी आणि गिऱ्हाइकाशी अर्धी उर्दू, त्यामुळे काळ्या रंगाला तिच्याकडे तीन नावं होती. आईचा कप्पु, शाळेतला काळा आणि अत्तरवाल्या चाचांचा स्याह. हे तीन वेगळे रंग आहेत असं तिला कितीतरी वर्षं वाटत होतं. अजूनही थोडंसं वाटतंच.

तर अशा या अंबिकाला आयुष्यात पहिल्यांदा एक सबंध भिंत मिळाली.

आप्पासाहेब हे मोंढ्यातले जुने आडते. त्यांनी अहमदपूरच्या वेशीवर नवंकोरं मंगल कार्यालय बांधलं आणि शिरल्या शिरल्या दिसणारी भिंत अंबिकाला दिली. "मॅडम, आपली येळवस काढा. लातूरकडच्या मान्साला लग्नात पाऊल टाकताच शेतात आल्यावानी वाटाया पायजे. रंगाचं तुम्ही बघा, मला त्यातलं कायबी कळत न्हाई."

पुढे त्यांना सगळंच कळायला लागलं, ती गोष्ट वेगळी.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, सगळं गाव शेतात पूजा करून तिथंच जेवतं तो सण. दिवाळीनंतर अंबिका शाळा सुटली की थेट भिंतीवर. बांबूच्या परांचीवर उभी राहून रंगवायची आणि खाली केवळाबाई झाडू घेऊन टीका करायची. केवळाबाई कार्यालयाची झाडलोट करते आणि तिच्या तोंडाला कुणी लागत नाही.

"बाई, आभाळ तांबडं कामून केलं वो?"

"येळवसेला सकाळी शेतात गेल्यावर अंगावरची शाल काढतो ना आपण? त्या वेळी पाठीवर जे ऊन येतं, ते आहे हे. कावेचंच आभाळ पाहिजे त्याला."

"आन् आंबिलीचं मडकं निळं?"

"गार लागलं पाहिजे बघणाऱ्याला."

केवळाबाईने झाडू थांबवून मडक्याकडे नीट बघितलं. "लागून राहिलंय खरं," म्हणाली. "माझे तर दात कडकडले."

अंबिका परांचीवरच नाचली. बांबू करकरले.

भिंत भरत गेली. ज्वारीचे हिरवे तिने मोजले नाहीत, पण एका धाटाचा हिरवा दुसऱ्याला दिला नाही. हरभऱ्याला आंबूस हिरवा, तुरीला तेलकट. शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीच्या पातेल्यावर बायकांचा घोळका, कुणाच्या पदराला हळदीचा पिवळा, कुणाला वांग्याचा जांभळा. मधोमध कडब्याची खोप, उन्हात सोन्यासारखी. खोपीच्या आत अंधार आणि त्या अंधारात ओळीनं मांडलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव.

येळवसेला पांडवांना चुना लावतात, त्यावर कावेचे पट्टे ओढतात आणि मगच पूजा. लातूर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही हे सांगेल. अंबिकाने मात्र दगड नुसते काळे ठेवले. चांगले रापलेले, भिजलेल्या काळ्या रानासारखे. पांढऱ्यात बुडवलेला ब्रश तिने दोनदा त्यांच्याजवळ नेला होता. दोन्ही वेळा हात मागे आला. का, ते तिलाही सांगता येईना. पण इतका जिवंत काळा तिला आजवर जमला नव्हता. घरी जाताना ती रस्त्याने स्वतःशी हसत होती.

उद्घाटन येळवसेच्या आदल्या दिवशी ठरलं होतं, कारण येळवसेला अहमदपुरात कुत्रंही सापडत नाही, सगळे शेतात. उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आप्पासाहेब भिंत बघायला आले. आभाळापाशी थांबले, मडक्यापाशी खूश झाले, खोपीपाशी आले आणि त्यांचा चष्मा कपाळावर गेला.

"मॅडम, चुना राहिला."

"राहिला नाही, आप्पासाहेब. असंच आहे ते."

"असंच म्हंजे? बिनचुन्याचे पांडव? येळवसेला?" त्यांचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये घुमला. "उंद्या वऱ्हाडी म्हनतील, आप्पाला बोटभर चुना जड झाला! आन् वरून मंगल कार्यालय. दारातच काळं!"

अंबिकाला सुचलं ते ती बोलत सुटली. काळा म्हणजे आपली माती. काळा म्हणजे बी पडायच्या आधीची जमीन. आणि आप्पासाहेब, तुम्ही रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करता, त्याचा रंग कोणता?

आप्पासाहेबांनी नकळत छातीवरच्या लिंगाला हात लावला. क्षणभर तिला वाटलं, जिंकले.

"काळाच हाय, कबूल," ते म्हणाले. "पन ते लिंग हाय. हे पांडव हाईत. पांडवाला चुना लागतो. त्याच्यात कसला आर्थ काढता?"

खरं तर माती आणि लिंग तिने आत्ता, उभ्या उभ्या शोधलं होतं. रंगवताना यातलं काही डोक्यात नव्हतं.

"उद्घाटनादिवशी सकाळी हरिओम पेंटर येतो," आप्पासाहेबांनी निकाल दिला. "पांढरा ऑइलपेंट मारतो पाचीला. रागावू नका, मॅडम. भिंत तुमची, पन लग्नं माझ्याकडं लागनार हाईत."

पाच पांढरे, चकचकीत, गुळगुळीत ठिपके! अंबिकाच्या डोळ्यांसमोर सगळी भिंत विझली. तो काळा होता म्हणून आभाळ तांबडं होतं, तो काळा होता म्हणून कडबा सोन्याचा होता. तिथं ऑइलपेंट बसला की उरणार ते कॅलेंडर.

घरी तिची आई रत्नम्मा सोप्यात वाती वळत बसली होती. अंबिकाचे अप्पा गेले, भावांनी दुकान विकलं आणि दुकानामागोमाग उदगीरजवळचं रानही गेलं, तेव्हापासून ती लेकीकडे असते. अंबिका तणतणत सगळं सांगत राहिली. रत्नम्मा ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मला घेऊन चल की. मी कुठं बघितलीय भिंत?"

उद्घाटनादिवशी सकाळी मायलेकी रिक्षाने पोचल्या, तेव्हा हरिओमने डबा उघडलाही होता. नाकात भसकन टर्पेंटाइनचा वास गेला. आप्पासाहेब टोपी घालून, त्यांच्या घरच्या बायका नटून, आचारी, मांडववाले, सगळे जमलेले.

"हरिओम, थांब!" अंबिका दारातूनच ओरडली.

"बाई, माझ्यावर कामून ओरडता? मला सांगितलं तेवढं मी करून राहिलो."

रत्नम्मा कुणाकडे न बघता भिंतीकडे चालत गेली. पदर डोक्यावरून नीट घेतला. आभाळ बघितलं, हिरवं बघितलं, आणि मग खोपीपाशी येऊन कमरेत वाकली. म्हातारी बराच वेळ वाकलेलीच.

"एनव्वा इदु?" ती लेकीकडे वळून हसायलाच लागली. "काय गं हे? आजून आंगोळबी घातली न्हाईस यांना? बसून राहिलेत बिचारे कवाधरनं!" आणि केवळाबाईकडे बघून, "चुना हाय का गं बाई?"

चुना होता. बाहेरच्या झाडांच्या बुंध्यांना लावायला सकाळीच भिजवलेला. केवळाबाईने डबडं आणून पुढे धरलं. रत्नम्माने बांगड्या मागे सारल्या, चार बोटं बुडवली आणि पहिल्या दगडावर, थेट लेकीच्या चित्रावर, वरून खाली ओढली.

अडवायला पुढे झालेलं अंबिकाचं बोट तसंच राहिलं.

"रान गेल्यापासनं हात कोरडाच होता माझा," रत्नम्मा दगडाशीच बोलत होती. "लोकाच्या शेतात जेवायला जाते मी, पन पांडव त्यांचे. त्याला त्यांच्या घरची बाई चुना लावनार. मी कशी लावू?"

आणि मग अंबिकाला लख्ख कळलं, आपला ब्रश दोनदा का मागे फिरला ते. पांडवांना चुना लावायचं काम उदगीरच्या रानात तिने एकदाही केलं नव्हतं. ते अव्वाचं, आईचं काम. अव्वा लावायची आणि ती बाजूला उभी राहून वाट बघायची. भिंतीवर तिने जे काढलं होतं, ते त्या वाट बघण्यातलं.

"अव्वा, लाव!" ती एकदम ओरडली. "सगळ्यांना लाव! केवळाबाई, तुम्हीपण या! या ना, बघता काय!"

"मी? पन चुना पुसला जाईल की वो बाई."

"पुसलंच जाणार! चुना आहे तो. ओल्या फडक्याने पुसायचा आणि पुढच्या येळवसेला परत लावायचा!"

केवळाबाईने हात पदराला पुसले आणि दुसरा दगड धरला. आप्पासाहेबांची सून पुढे झाली, तिच्यामागे स्वयंपाकाच्या बायका. डबड्यात हात, हातात हात. "अगं माझ्या साडीवर!" "तुझ्या साडीचं काय घेऊन बसलीस, भीमाला सांभाळ!" "ह्यो भीम कशावरनं?" "सगळ्यात जाड हाय की!" एकीने पर्समधलं कुंकू पाण्यात कालवून पट्टे ओढले. एक ओघळ घरंगळत निळ्या मडक्याकडे निघाला. अंबिकाने धावत जाऊन तो पदरानं टिपला. "मडक्याला नाही, मडक्याला नाही!"

पाचवा दगड उरला होता. बायकांनी आप्पासाहेबांकडे बघितलं.

"मी न्हाई," ते म्हणाले. "हे बायकांचं काम हाय." पण बोलता बोलता बाही वर गेली होती. म्हाताऱ्याने चुन्यात पंजा घातला, दगडावर दाबला आणि कुणी सांगायच्या आत मोंढ्यात लिलाव पुकारावा तसा खड्या आवाजात ओरडला, "ओलगे ओलगे!" येळवसेला शेतात देतात तीच आरोळी; हॉलभरून सगळ्यांनी तिला साथ दिली.

हरिओम मात्र डोळे बारीक करून भिंतीपाशी उभा होता. "आप्पासाहेब, राग नगा मानू, पन कायबी दिसत न्हाई. नुसतं ओलं झालंय. माझा पेंट कसा, लगेच…"

खरंच होतं. दगडांवर नुसता पाणचट करडा फराटा दिसत होता. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. पाहुणे यायची वेळ झालेली. "मॅडम?"

"थांबा," अंबिका म्हणाली. "कुणी हात लावू नका. चुना ओला असताना दिसत नसतो. दारं उघडा, ऊन येऊ द्या."

केवळाबाईने दारं सताड उघडली. उन्हाची पट्टी फरशीवरून चढत भिंतीला लागली. सगळे चुन्याचे हात अंगापासून लांब धरून उभे राहिले, मेंदी लावल्यासारखे. रत्नम्मा खुर्चीवर बसायला तयार नाही.

आणि पहिल्या दगडाच्या कडेने, जिथे चुना पातळ होता तिथून, पांढरा उमलायला लागला. आधी धुरकट, मग दुधासारखा. चारही बोटांच्या रेघा वेगवेगळ्या दिसायला लागल्या, मधल्या फटींतून तो रापलेला काळा तसाच, आणि त्या काळ्यामुळे पांढरा असा पेटला की असा पांढरा अंबिकाला जन्मात कालवता आला नसता.

"आला!" तिने आईचा दंड घट्ट धरला. "अव्वा, बघ, आला! दुसरा बघ! केवळाबाई, तुमचा आला!"

"माझा कवा येनार?" आप्पासाहेब पाचव्या दगडाला नाक लावून उभे होते. "मॅडम, माझा आजून वलाच दिसून राहिलाय."

"तुम्ही पंजाभर थापलाय, आप्पासाहेब. उन्हातून बाजूला व्हा जरा, तुमचीच सावली पडलीय त्याच्यावर."

आप्पासाहेब टुणकन बाजूला झाले. हरिओमने ऑइलपेंटच्या डब्याचं झाकण बसवलं, वर दोन बुक्क्या मारल्या आणि तोही मान वाकडी करून पाचव्या दगडाकडे बघत बसला.