चूक झाली असल्यास

कचेरीच्या व्हरांड्यात बसून मी जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. कुठली कचेरी ते सांगत नाही. कोल्हापुरात कचेऱ्यांना तोटा नाही आणि त्या वेळचे साहेब कधीच पेन्शनीत गेले, आता त्यांना कशाला त्रास. एक बुटकं डेस्क, खाली सतरंजीचा तुकडा, शाईची दौत, कार्बनचे कागद आणि मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला सरकारी परवाना, एवढंच माझं दुकान. लोक मला रायटर म्हणत. माझं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं.

अक्षराची मला घमेंड होती. ती आजही आहे. पण अक्षराइतकंच माझं एक वाक्य ठरलेलं होतं. प्रत्येक अर्जाच्या शेवटी मी लिहीत असे: 'अर्जदाराच्या हातून कळत-नकळत काही चूक झाली असल्यास मायबाप सरकारने उदार अंतःकरणाने क्षमा करावी.' नळ मागायचा असो की दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायचं असो, हे वाक्य यायचंच. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या म्हाताऱ्या रायटरनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "सरकारफुडं जाताना आदी वाकायचं, मग काय पायजे ते मागायचं. ताठ माणसाचा अर्ज तळाला जातोय." तो संस्थानच्या काळात शिकलेला. संस्थान गेलं, दरबार गेला, वाक्य मात्र माझ्या हातात राहिलं. इतकं भिनलं होतं की ते लिहिताना मी शेजारच्या चहावाल्याशी गप्पा मारू शकत असे.

आणीबाणी उठून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. एका सोमवारी शिपायानं माझ्या हातात एक कागद ठेवला. तीनच ओळी. 'सदर अर्जनवीस हे कचेरीच्या आवारात गैरवर्तन करीत असल्याचे निदर्शनास आल्याने त्यांचा परवाना रद्द करण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही. मी वाचेपर्यंत शिपायानं खिळ्यावरचा परवाना काढलासुद्धा. जाताना म्हणाला, "मी हुकमाचा ताबेदार, रायटर. मनावर घिऊ नगा."

गैरवर्तन म्हणजे काय केलं मी? कुणाला शिवी दिली, कुणाकडून जास्त पैसे घेतले, की पानाची पिचकारी भिंतीवर मारली? मी पान खातच नाही. आत जाऊन अव्वल कारकुनाला विचारलं तर तो मान वर न करता म्हणाला, "वरनं आलंय." म्हटलं, वर म्हणजे कुठं? त्यानं छताकडं बोट केलं. छताच्या कोपऱ्यात पारव्याचं घरटं होतं.

मग मी तेच केलं जे बावीस वर्षं दुसऱ्यांसाठी करत आलो होतो. अर्ज लिहिला. उत्तम कागद आणला, उत्तम अक्षर काढलं, परवाना परत मिळावा अशी विनंती केली आणि शेवटी सवयीनं ते वाक्य लिहून मोकळा झालो. अर्ज आत गेला आणि विहिरीत दगड पडावा तसा गप झाला. महिना गेला. मी भाच्याच्या सायकल दुकानात पंक्चरच्या ट्यूबा पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसू लागलो. पोटाचं कसंतरी भागत होतं, पण नावाचं काय करायचं? कसबा बावड्यात आमच्या गल्लीत लोक मला बघून आवाज खाली करत. सरकारनं काढलं म्हणजे रायटरनं काहीतरी केलं असणारच, असा सगळ्यांचा हिशेब. मला आतून जाळलं ते त्यानं.

बायको गडहिंग्लजकडची. एरवी मराठी, रागावली की कानडी. त्या दिवशी ती भाकऱ्या थापत होती. थापता थापता तिनं विचारलं, "अवो, त्यांनी तुमास्नी काय इचारलं?"

"काय न्हाई."

"बलावलंतं तरी?"

"न्हाई."

"आमच्या गावात कोंबडी चोरली तरी पंच चोराला म्होरं बसवून इचारत्यात, बाबा, तुजं काय म्हणणं हाय? तुमी काय कोंबडीचोराच्या खाली हाय व्हय?" पुढचं कानडीत होतं. ते साहेबांबद्दल होतं, एवढं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी ओळखीच्या वकिलांकडं गेलो. वयानं माझ्याहून लहान, पण डोकं तेज. कधी कधी मी त्यांच्या नकला काढून देत असे. त्यांना हुकूम दाखवला आणि बोलता बोलता बायकोची कोंबडीही सांगितली. त्यांनी टेबलावर हात आपटला. "वहिनींनी तर अख्खं रिट सांगितलं की, रायटर! मी फक्त इंग्रजीत करतो."

रिट म्हणजे सरकारी हुकमाविरुद्धचा अर्ज, आणि कोल्हापुरातून तो करायचा तर मुंबईचं हायकोर्ट. मी विचारलं, हायकोर्ट परवाना देईल ना? ते म्हणाले, "न्हाई. तुमी चांगले की वाईट, परवाना द्यावा की न द्यावा, हे कोर्ट ठरवणार न्हाई. ते साहेबाचं काम. साहेबानं ते काम कसं केलं, रीत पाळली का, तुमचं ऐकलं का, तेवढंच कोर्ट बघणार."

हे मला अजिबात पटलं नाही. म्हटलं, "म्हणजे आजार बघायचा न्हाई, कंपाउंडरनं हात धुतले का तेवढं बघायचं? असला कसला डॉक्टर?"

"हात न धुता सुई टोचली तर चांगला माणूस मरतोय," ते म्हणाले आणि वकीलपत्र माझ्यापुढं सरकवलं. मी सही केली.

काही महिन्यांनी सरकारचं उत्तर आलं. वकिलांनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. त्यांनी ते माझ्यापुढं टाकलं. उत्तराच्या मागं माझाच अर्ज जोडला होता, ते सुंदर अक्षरातलं शेवटचं वाक्य लाल शाईनं अधोरेखित करून. आणि उत्तरात लिहिलं होतं की अर्जदारानं स्वतःच चूक मान्य करून क्षमा मागितलेली आहे, सबब त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची आवश्यकता नव्हती.

"ह्यो धोंडा तुमीच तुमच्या पायावर पाडून घेतलासा," वकील म्हणाले. ते एवढे चिडलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बावीस वर्षं लोकांना अर्ज कसा करावा ते शिकवणारा मी, आणि स्वतःच्या अर्जात स्वतःला गुन्हेगार लिहून आलो होतो. चाचरत म्हणालो, "साहेब, त्ये वाक्य मी सगळ्यांच्याच अर्जात घालतो."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या. नळ मागणाऱ्याच्यासुदीक."

त्यांनी सरकारचं उत्तर बाजूला सारलं. मग हळूच विचारलं, "नकला हायत?"

नकला होत्या. प्रत्येक अर्जाची कार्बनची प्रत मी ठेवत असे. सालवार गठ्ठे, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले, पलंगाखाली. झुरळं होतात म्हणून बायको वर्षातनं दोनदा ते जाळायला निघायची आणि मी दोनदा आडवा पडायचो. त्या दिवशी मात्र तिनंच सगळे गठ्ठे ओढून काढले, फडक्यानं पुसले आणि म्हणाली, "बघा, झुरळांनी एकबी कागद खाल्ला न्हाई. त्यास्नीबी गोड लागलं नसंल." वकिलांनी त्यातले निवडक कागद आमच्या प्रत्युत्तराला जोडून कोर्टात दाखल केले.

सुनावणीला मी वकिलांबरोबर मुंबईला गेलो. मूळ गठ्ठा मांडीवर धरूनच रेल्वेत बसलो होतो. कोर्टाचं दालन उंच, पंखे लांब दांड्यांचे, आणि सगळं इंग्रजीत. मी मागच्या बाकावर. दोन न्यायमूर्ती होते. सरकारी वकिलांनी माझं वाक्य इंग्रजीत वाचून दाखवलं. इंग्रजीत ते इतकं भयंकर वाटत होतं की मलाच वाटलं, या माणसानं नक्कीच काहीतरी केलंय.

मग आमच्या वकिलांनी नकलांकडं लक्ष वेधलं. दोघांपैकी एक न्यायमूर्ती मराठी असावेत. त्यांनी एक कागद वाचला, दुसरा वाचला, चष्मा काढून पुसला आणि सरळ मराठीतच विचारलं, "या बाईंनी गल्लीत नळ मागितला आहे. यांची चूक काय?"

सरकारी वकील म्हणाले, "काही नाही, माय लॉर्ड."

"या गृहस्थांच्या मुलाच्या दाखल्यावर तारीख चुकली आहे. चूक शाळेची आणि क्षमा बापानं मागितली आहे. यांची काय चूक?"

"काही नाही."

"हे एस.टी.चा थांबा मागताहेत. तेही क्षमा मागताहेत." मागं कुणीतरी हसलं. न्यायमूर्तीही हसले असावेत, पण लगेच गंभीर झाले. "मग या अर्जनवीसांनीच नेमकी चूक कबूल केली असं कशावरून? आणि हा अर्ज तर हुकुमानंतरचा. हुकूम काढण्याआधी यांना कुणी काही विचारलं होतं का?"

सरकारी वकिलांनी फाईल चाळली. पुढून मागं, मागून पुढं. विचारलेलं कुठंच नव्हतं.

भाकरी थापताना बायकोनं जे विचारलं होतं तेच त्या उंच खुर्चीवरून आलं, आणि मला रडू कोसळलं. भर कोर्टात. मी त्याच गठ्ठ्याच्या फडक्यानं डोळे पुसले. इतक्या वर्षांत सरकारला कुणी प्रश्न विचारताना मी पाहिलं नव्हतं. मी पाहिली होती ती फक्त हात जोडणारी माणसं, आणि ते हात जोडून देणारा मीच होतो.

हुकूम रद्द झाला. परवाना तोवर चालू, पण आरोप काय ते नोटिशीत लिहून द्या, म्हणणं ऐका आणि मग काय तो निर्णय घ्या, असं कोर्टानं सांगितलं. घरी येऊन मी कुरकुरलो, "पुन्यांदा त्येच साहेब, त्येच कारकून. काय मिळालं?"

बायको म्हणाली, "जावा की. आता त्येस्नी इचारावं लागतंय."

नोटीस आली तेव्हा पहिल्यांदा कळलं माझं गैरवर्तन काय ते. राधानगरीकडच्या एका म्हाताऱ्या बाईचा वारसनोंदीचा अर्ज मी लिहिला होता. त्यात लिहिलं होतं, 'बाईंना या कचेरीने पाच वेळा परत पाठवले.' यामुळं म्हणे कचेरीची बदनामी झाली. ज्या टेबलावरून बाई परत जात होती त्या टेबलाला, म्हणजे अव्वल कारकुनाला, ते झोंबलं होतं. म्हटलं, बरंय. निदान शत्रू दिसला तरी.

सुनावणीच्या दिवशी मी सकाळीच यष्टी स्टँडवर जाऊन म्हातारीला घेऊन आलो. साहेबांच्या खोलीत शिपायानं माझ्यासाठी खुर्ची ठेवली. बावीस वर्षांत त्या खोलीत मी कधी बसलो नव्हतो, त्यामुळं खुर्चीच्या कडेलाच टेकलो. साहेब घसा खाकरून म्हणाले, "तुमचं काय म्हणणं आहे?"

चार पानं लिहून आणली होती, ती तशीच मांडीवर राहिली. जन्मभर दुसऱ्याचं म्हणणं लिहिलं, स्वतःचं कधी बोललो नव्हतो. शेवटी एवढंच म्हणालो, "साहेब, ती बाई भाईर बसलीया. तिलाच इचारा."

म्हातारी आत आली आणि खोली दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "पाच न्हवं, सात डाव! दोन डावाचं ह्या रायटरला सांगायची मी इसारली."

साहेबांनी कारकुनाकडं बघितलं. कारकून छताकडं बघू लागला. साहेबांनी बाईचे कागद मागवले, एकेक पान उलटलं आणि म्हणाले, "हे मला कुणी दाखवलंच नव्हतं." त्यांचा चेहरा उतरला होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ऐकून घेण्याचा फायदा फक्त माझा नव्हता. तो माणूसही बंद खोलीत बसून, कारकून सांगेल तेवढ्यावर सह्या करत होता. माझा परवाना कायम झाला आणि म्हातारीची नोंद आठवड्याच्या आत झाली.

कोर्टानं सांगूनही साहेबांचा निर्णय लागेपर्यंत मी व्हरांड्यात बसलो नव्हतो; आता शिपायानं परवाना स्वतः खिळ्यावर लावला. दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते बांगड्या विकणारे एक चाचा. त्यांची बसायची जागा हलवण्याची नोटीस आली होती. मी अर्ज लिहीत शेवटापर्यंत आलो आणि हातानं आपोआप सुरुवात केली, 'अर्जदाराच्या हातून कळत-नकळत'. तिथं थांबलो.

"चाचा, तुमचं काय चुकलंय?"

ते घाबरले. "न्हाई वो! का? काय झालं?"

"काय न्हाई," म्हटलं. तो कागद फाडला, कोरा घेतला आणि शेवटी लिहिलं: 'निर्णय देण्यापूर्वी मला बोलावून माझे म्हणणे ऐकून घ्यावे.' वाचून दाखवलं तर चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "असं लिवलं तर साहेब चिडंल की, रायटर."

"चिडू दे," मी म्हणालो. "पण चिडायच्या आदी त्येला तुमास्नी इचारावं लागंल."