बेचाळीस इंच

गणवेश शिवणारी बाई पोराला वयानं ओळखत नाही, नंबरानं ओळखते. कुणी म्हणालं, "आमच्या पोरीला सहावं लागलं," की प्रतिक्षा म्हणणार, "म्हंजी चोवीस नंबर." सोलापुरातल्या एका कारखान्यातनं कापलेल्या कापडाचे गठ्ठे तिच्या घरी येतात. ती कॉलरी लावते, बाह्या लावते, आणि गठ्ठा माघारी जातो. नऊ वर्षं झाली. मशीनशेजारच्या खिळ्याला टेप टांगलेला असतो आणि फळीवर शिंप्याचा निळा खडू.

तिला तिळी झाली तेव्हा ती बाळंतपणाला नातेपुत्याजवळच्या सासरच्या गावी होती, तिथं लोक बघायला यायचे. सिद्धनाथ, माउली आणि नीरा. आठव्या महिन्यातच आली, त्यामुळं तिघंही मूठभर. त्यात नीरा सगळ्यांत बारकी. प्रतिक्षानं तेव्हाच एक कायदा केला: एकाला जे, ते तिघांना. फुगा आणला तर तीन. मार द्यायचा तरी तिघांना. कपडे शिवायचे तेही एकाच नंबराचे. मग सिद्धनाथला काखेत रुतायचं आणि नीराच्या अंगात नुसतं वारं भरायचं, पण नंबर एकच.

तिचा नवरा प्रदीप चिंचोळीच्या एमआयडीसीत मशीनवर आहे. त्याचा धाकटा भाऊ दिपक पतसंस्थेत. दोघा भावांचं सोलापुरात एकच घर. थोरला खाली, धाकटा वर. वर दिपकची बायको राजश्री, म्हणजे प्रतिक्षाची धाकटी जाऊ, आणि त्यांचं एकुलतं एक पोरगं. त्याचं शाळेतलं नाव वेगळं आहे, पण राहणी साहेबाची म्हणून आजीनं त्याला बाळासो नाव पाडलं. तेच चालू आहे.

वरच्या मजल्यावर काही नवीन आलं की खाली प्रतिक्षाच्या पोटात दुखायला लागायचं. यात लपवण्यासारखं काही नाही, सगळ्या गल्लीला माहीत होतं. वर कपडे धुवायचं मशीन आलं तर ही आठ दिवस दणादणा धोपटणं आपटत होती. राजश्री कधी कुणाला वाईट बोलत नाही, याचाही तिला राग यायचा.

तर गेल्या दिवाळीत दिपक-राजश्री बाळासोला घेऊन पुण्याच्या पलीकडं पाण्याचं आणि पाळण्यांचं ते मोठं पार्क आहे, तिथं जाऊन आले. राजश्रीनं स्टेटसला चाळीस फोटो टाकले. प्रतिक्षानं ते मशीनवर बसल्या बसल्या बघितले. दोन कॉलरी उलट्या लागल्या, उसवत बसली. एका फोटोत बाळासो एका लाकडी जिराफाला टेकून उभा होता. जिराफाच्या पोटावर लाल रेघ आणि आकडा होता: बेचाळीस इंच. बाळासोचं डोकं रेघेच्या वर होतं. त्याच्यामागं आभाळाला लागेल एवढी घसरगुंडी; डोकं रेघेच्या वर गेलं तरच पोराला तिच्यावर सोडत.

"किती बगशील त्ये?" सासू भीमाबाई लसूण सोलत म्हणाली. "बगून काय त्ये पोरगं खाली पडतंय व्हय?"

"मी कुटं काय म्हणते? एका पोराला घिऊन कुणी बी जाईल की. त्यात काय मर्दुमकी?"

दुसऱ्या दिवशी राजश्री चिक्कीचा पुडा घेऊन खाली आली. "ताई, पोरास्नी. लई भारी हाय बगा तितं. तुमी बी जावा की. पर आताच नगा, तिगं जरा थोरली हुंद्यात. एकदम तीन म्हंजी लई वडाताण हुईल तुमची."

राजश्री सरळ मनानं बोलली असेल. पण प्रतिक्षाला ती चिक्की चार दिवस गोड लागली नाही. बाळासो तिच्या तिघांपेक्षा दहा महिन्यांनी लहान. तो रेघेच्या वर, आणि तिची पोरं अजून "थोरली हुंद्यात"?

चहाच्या वक्ताला तिनं प्रदीपपाशी विषय काढला.

"जाऊ की," प्रदीप म्हणाला. "पर पाण्यात पोराला एक माणूस लागतंय. एक मी धरीन, एक तू. तिसरं काय टेपाशेजारी खिळ्याला टांगायचं?"

"आत्या हायत की."

"मला त्या पाण्यात घालू नगा," भीमाबाई म्हणाली. "मला अजून जगायचं हाय."

पण प्रतिक्षाच्या डोक्यात ती लाल रेघ बसली होती. तिनं ठरवलं, तिघंही बेचाळीस झाली की जायचं. तिघं एकदम वर चढणार, तिघं एकदम खाली येणार, आणि मग चाळीस नाही, शंभर फोटो. त्या रविवारपासून ती दर रविवारी तिघांना दाराच्या चौकटीला उभं करायची, डोक्यावर पट्टी ठेवायची, निळ्या खडूनं रेघ मारायची आणि टेप लावायची. सिद्धनाथ वाढत होता. माउली वाढत होता. नीराच्या रेघा मात्र एकीवर एक बसायच्या. दुरून बघितलं तर एकच जाड रेघ.

मग नीराला रोज अंडं सुरू झालं. दूध सुरू झालं. कायद्याप्रमाणं अंडं तिघांनाही, त्यामुळं ते दोघं आणखी वाढले. कुणीतरी सांगितलं, लोंबकळल्यानं उंची वाढते. प्रतिक्षानं नीराला जिन्याच्या गजाला लोंबकळायला लावलं.

"आगं, पडवळाला धोंडा बांदत्यात तसा तिच्या पायाला बी बांद की एक," भीमाबाई म्हणाली.

नीरा लोंबकळायची. तोंडातनं चकार शब्द नाही. ती मुळातच कमी बोलायची. तिनं तोंड उघडेपर्यंत दोघं भाऊ सगळं सांगून मोकळे झालेले असायचे.

एप्रिलअखेर सिद्धनाथ साडेत्रेचाळीस, माउली साडेबेचाळीस, नीरा एक्केचाळीस. प्रदीप म्हणाला, दिवाळीपर्यंत थांबू. प्रतिक्षालाही पटलं होतं. तेवढ्यात राजश्री जिन्यावरनं म्हणाली, "ताई, आमी मे म्हयन्यात परत जातोय. बाळासो ऐकंचना."

"आमी बी येतोय," प्रतिक्षाच्या तोंडातनं निघून गेलं. बाळासो दोनदा जाणार आणि तिची पोरं चौकटीला उभी राहणार, हे तिला सोसणारं नव्हतं.

"या की! बरं झालं," राजश्री म्हणाली. "तिसऱ्याला मी धरीन."

हे ऐकून प्रतिक्षाला आणखी वाईट वाटलं. पण बोलून बसली होती.

राहिला एक इंच. तो तिनं बाजारातनं आणला. जाड तळव्याचे सँडल घेतले, आणि ज्या दिवशी जायचं त्या पहाटे नीराच्या डोक्यावर मधोमध उभा अंबाडा घातला. चौकटीला उभं केलं तर बेचाळीसला वर अर्धा इंच. भाड्याच्या गाडीत बसताना प्रतिक्षा एवढी खुशीत होती की राजश्रीला तिनं आपणहून खिडकीची जागा दिली.

पार्कातला जिराफ फोटोत दिसला त्यापेक्षा जुना होता, एक कान मोडलेला. त्याच्यापाशी पिवळ्या टोपीचा एक माणूस उभा. आधी बाळासो गेला. "मी मागल्या वक्ताला बी बसलोय," त्यानं न विचारता सांगितलं. मग सिद्धनाथ, मग माउली. मग नीरा.

"ताई, सँडल काढा," पिवळी टोपी म्हणाली.

सँडल निघाले. नीरा खाली आली. त्या माणसानं हातातली पट्टी अंबाड्यावर ठेवली आणि दाबली. अंबाडा पोळीसारखा चपटा झाला.

"एक इंच कमी हाय."

"आवो, एका इंचानं काय हुतंय? एकाच येळची हायत तिगं. हे दोगं चालत्यात, मग ही का न्हाय?"

"एका येळची असतील. एका मापाची न्हाईत," तो म्हणाला, आणि पुढच्या पोराला बोलावलं.

प्रतिक्षाचं तोंड उतरलं. समोर मापात बसलेला बाळासो नाक खाजवत उभा होता. "एकीला न्हाय तर कुणाला न्हाय. चला माघारी," ती म्हणाली. सिद्धनाथ आणि माउलीनं एकदम असं भोकाड पसरलं की रांगेतले लोक बघायला लागले.

"ताई, असं काय करताय?" राजश्री पुढं आली. "तुमी जावा पोरांसंगं. ह्ये बाळासोला धरतील. मी बसते नीराजवळ. मी काय, मागं बगितलंय सगळं."

मग प्रदीप सिद्धनाथला घेऊन, प्रतिक्षा माउलीला घेऊन, दिपक बाळासोला घेऊन, असे सहाजण जिना चढायला लागले. जिना मोठा, रांग हळू. तिसऱ्या वळणावर प्रतिक्षानं कठड्यावरनं खाली वाकून बघितलं.

खाली झाडाच्या सावलीत राजश्री मांडी घालून बसली होती आणि नीरा तिच्या मांडीत. राजश्रीनं तो चपटा अंबाडा सोडून तिच्या दोन वेण्या घालायला घेतल्या होत्या. आणि नीरा बोलत होती. दोन्ही हात हलवून बोलत होती. मध्येच मागं वळून काकीच्या तोंडाकडं बघायची आणि परत सुरू. राजश्री मान हलवायची, हसायची. प्रतिक्षानं पुढच्या वळणावर बघितलं, तरी बोलतच होती. साडेपाच वर्षांत ही पोरगी आपल्याशी एवढं बोलली नाही. असं काय असेल तिच्यापाशी सांगण्यासारखं? आणि ते तिनं वरच्या मजल्यावर का सांगावं?

"आई, आपला नंबर," माउली म्हणाला.

ज्या घसरगुंडीसाठी सहा महिने खडू झिजवला, तिच्यावरनं प्रतिक्षा खाली कशी आली हे तिला आजही सांगता येत नाही. पाण्यातनं उठली ती तशीच निथळत झाडाकडं चालत गेली.

"ऊठ राजश्री, जा आता तू. मी बसते."

राजश्री उठणार, तोवर नीरानं तिच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं. "तूच जा की आई परत. मी काकीला गोष्ट सांगतीया. अर्दी राहिलीया."

राजश्रीला हसू आलं. "लई बोलकी हाय हो ही, ताई. आमचा बाळासो नुसता मोबाईल मागतोय. तुमच्याकडं तीन हायत, एक मला द्या की."

"तीन हायत म्हणून काय वाटायला काडल्यात व्हय?" प्रतिक्षा म्हणाली. हसत म्हणाली, पण राजश्रीनं ओढणी सोडवून घेतली.

माघारी येताना गाडीत पोरं झोपली. प्रतिक्षानं फोन उघडला. राजश्रीच्या स्टेटसला बाळासोचे दोन-चार, आणि सगळ्यांत वर नीराचा फोटो, दोन वेण्या, काकीच्या मांडीत, तोंड उघडं, बोलता बोलता काढलेला. खाली लाल बदाम.

"पोरगी कुणाची हाय त्ये तरी लिवायचं की," प्रतिक्षा प्रदीपच्या कानाशी म्हणाली.

"थोबाड तुजंच हाय. लिवायचं कशाला?" प्रदीप म्हणाला आणि झोपला.

पुढच्या रविवारी तिनं सवयीनं तिघांना चौकटीला उभं केलं. सिद्धनाथ झाला, माउली झाला. नीराला टेप लावला आणि ती थांबली. साडेचाळीस. अर्धा इंच गेला कुठं? तिनं परत मोजलं. मग पोरीचा तो ढगळ झगा वर उचलून बघितला. आत नीरानं गुडघे वाकवले होते.

"सरळ हुबी ऱ्हा, भवाने. काय चाललंय ह्ये?"

नीरा सरळ झाली नाही. "बेचाळीस झाले की मला बी वर पाटवशील. मग काकी एकटीच बसंल."

प्रतिक्षानं खडू फळीवर ठेवला. रेघ मारलीच नाही. जरा वेळानं तिनं सिद्धनाथ आणि माउलीला वर काकीकडं खेळायला धाडलं. नीरा तेवढी आईसंगं निघाली हे बघून माउली म्हणाला, "आमाला बी यायचंय." "न्हाय. आज तिगं न्हाय," ती म्हणाली. भीमाबाईनं लसणातनं मान वर काढून तिच्याकडं बघितलं.

तिनं स्कूटी काढली, नीराला पुढं उभं केलं आणि तळ्यावर नेलं. काठावर बसून दोघींनी एक कणीस अर्धं अर्धं खाल्लं. नीरानं आपले दाणे एकेक करून संपवले. मग तिनं इकडं तिकडं बघितलं, भाऊ कुठं दिसले नाहीत, आणि म्हणाली, "त्या गोष्टीत फुडं काय झालं सांगू?"

"कुटली?"

"काकीला सांगितलेली."

"मला पयल्यापासनं सांग," प्रतिक्षा म्हणाली. "काकीला सांगितलीस त्याच्यापेक्षा मोटी."

नीरानं सुरुवात केली. तेवढ्यात फोन वाजला. राजश्रीचा निरोप होता: ताई, काळजी करू नका, दोघं शहाण्यासारखी शिरा खातायत. सोबत फोटो. सिद्धनाथ तिच्या एका बाजूला, माउली दुसऱ्या बाजूला.

प्रतिक्षानं फोन पर्समध्ये टाकला आणि चेन ओढली. "हां, मग?"

गोष्ट संपेपर्यंत तिनं तो तीनदा काढून बघितला.