चार जबड्यांचा चक

बिबवेवाडीत आमचं छोटं वर्कशॉप होतं. लेथवर आमचे हे आणि मापं घ्यायला मी. बाई वर्कशॉपात, याचं लोकांना नवल वाटायचं आणि मला त्यांच्या नवलाचा कंटाळा यायचा.

कुठला जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लेथच्या कुठल्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या पकडीत, बांधायचा, हे मला यांनीच शिकवलं. गोल सळईला तीन जबड्यांचा चक. किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत येतात आणि सळई आपोआप मधोमध बसते. चौकोनी किंवा वेड्यावाकड्या ओतीव जॉबला चार जबड्यांचा. त्यातला एकेक जबडा वेगळा सरकवायचा, जॉबला टेकवलेल्या डायलची सुई चक फिरवताना हलायची थांबेपर्यंत, म्हणजे जॉब मधोमध आला. पातळ कडी असेल तर हात हलका ठेवायचा. मी जास्त आवळलं की हे म्हणायचे, "जॉब आहे तो, चोराची मान नाही."

यांना विसरण्याचा आजार आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. घरी दूध उतू जाऊ दे, रस्ता चुकू दे. लेथपुढे उभा राहिला की माझा माणूस जागेवर असायचा, आणि मला तेवढं पुरत होतं.

मग पितळेच्या पातळ कड्यांचं काम आलं. यांनी त्या करकचून आवळून आतलं भोक कातलं. चकमध्ये होत्या तोवर भोक अगदी गोल. सोडल्यावर प्रत्येक कडीचं भोक तीन ठिकाणी फुगलेलं. हे पितळेला शिव्या देत बसले. पितळच वाईट आहे, असं मीही म्हटलं. मला ते खरं असायला हवं होतं.

थोड्या दिवसांनी चौकोनी जॉब आला. हे तो तीन जबड्यांत घालत राहिले. बसवला की निसटायचा, पुन्हा घालायचे.

"अहो, चार जबड्यांचा लावू या का?"

त्यांनी माझ्याकडे अगदी सभ्यपणे पाहिलं. "बाई, आपण जरा थांबा. माझी बायको येईल आता. तिला माहीत आहे."

मीच ती, असं ओरडावंसं वाटलं. ओरडून काय होणार होतं? आम्ही दोघांनी चक बदलला. मी जॉब बांधला, डायल लावला, एकेक जबडा सरकवला. ते लक्ष देऊन पाहत होते. सुई थांबली तशी ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "तिला सांगू नका हं, मला जमलं नाही म्हणून."

"नाही सांगणार," मी म्हटलं.